अस्सलबरहुकूम नक्कल

मुलगी परदेशीं दिली आहे, जांवई तिकडून तिच्यासाठीं अर्ज करणार आहेत, इकडून कागदांच्या नकला पाठवावयाच्या आहेत. तर त्या कशा कराव्या याविषयीं चार शब्द लिहा, अशी सूचना आमच्या एका वाचक-भगिनीनें केली आहे. सूचना करतांना त्यांनीं आमच्या शिक्षकी अनुभवाचा मोठ्या आदरानें उल्लेख केला आहे. याच एका कामांत त्या अनुभवानें आमच्या घरचें केवढें नुकसान केलें हें त्यांस ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तेव्हां सल्ला देण्यापूर्वीं आमची हकीकत सांगणें प्राप्त आहे.

आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलीचें लग्न ५ डिसेंबर २०२१ रोजीं आमच्या वांगणीच्या घरापुढील मांडवांत झालें. जांवई अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतीं नोकरीस असून त्यांनीं तेथील नागरिकत्व घेतलेलें आहे. त्यांस रजा होती तीन आठवड्यांची. तीन आठवड्यांनीं ते विमानांत बसले आणि मुलगी हातावरची मेंदी उतरण्यापूर्वींच पुन्हां माहेरवाशीण झाली. "कागद झाले कीं जाईलच," असें जो तो म्हणे. कागद कोण करणार, असा प्रश्न कोणीं विचारलाच नाहीं; कारण आमच्या एकत्र कुटुंबांत कागदांचें खातें आमच्याकडे आहे. अडतीस वर्षें शाळेच्या जनरल रजिस्टरांत नांवें लिहिलीं, शाळा सोडल्याचे दाखले दिले, नकलांवर 'अस्सलबरहुकूम' असा शेरा मारून सह्या केल्या. एवढ्या भांडवलावर आम्हीं हें काम अंगावर घेतलें.

अर्जाचें स्वरूप वाचकांस थोडक्यांत सांगतों. नागरिक पतीनें पत्नीसाठीं करावयाच्या अर्जाचा नमुना 'आय-१३०' या नांवानें ओळखला जातो. त्याजबरोबर पत्नीचा वेगळा नमुना असतो व त्यांत तिचीं मागील पांच वर्षांतील राहण्याचीं व नोकरीचीं ठिकाणें भरावीं लागतात. पतीच्या नागरिकत्वाचा पुरावा, विवाह-नोंदणीचें प्रमाणपत्र, पूर्वीं विवाह झालेला असल्यास तो संपल्याचा कागद, दोघांचीं दोन इंच चौरस छायाचित्रें, आणि हा विवाह केवळ प्रवेशासाठीं केलेला नसून खरा संसार आहे असें दाखविणारे नाना प्रकारचे पुरावे जोडावयाचे असतात. आपल्याकडे अग्नि, ब्राह्मण आणि तीनशें पानें उठलेली पंगत एवढे साक्षीदार असतां आणखी पुरावा तो काय द्यावयाचा, असें आमच्या वहिनींस वाटलें व आम्हांसही वाटलें. परंतु अग्नीची साक्ष टपालानें पाठवितां येत नाहीं. हजारों मैलांवर बसलेल्या त्या अधिकाऱ्यास आपला मांडव दिसत नाहीं, सनई ऐकूं येत नाहीं. त्याच्यापुढें फक्त कागद असतो, आणि तोही मूळ कागद नव्हे, त्याची प्रत.

येथेंच पहिली गोष्ट ध्यानांत ठेवावी. या टप्प्यावर मूळ कागद मागितल्याविना पाठवूं नयेत. न मागतां पाठविलेले अस्सल कागद नष्ट केले जाण्याचा संभव असतो, असें ते खातें स्वतःच सांगतें. आपल्याकडे नकलेवर राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का लागे, त्या संवयीनें आमचे बंधु साक्षांकनासाठीं जव्हारास दोन फेऱ्या घालून आले. त्याची कांहीं गरज नव्हती. साधी, स्वच्छ, वाचतां येणारी प्रत पुरते. मात्र ती संपूर्ण हवी. कागदाच्या पाठीवर शिक्का, नोंदणी-क्रमांक वा शेरा असल्यास पाठीचीही प्रत हवी. चारही कडा दिसावयास हव्यात. आमच्या वहिनींनीं विवाहाचें प्रमाणपत्र आणल्याच्या दुसऱ्याच दिवशीं प्रेमानें त्यावर प्लास्टिकचें आवरण चढवून घेतलें होतें. पावसाळ्यांत आमच्या या डोंगराळ भागांत कागदास बुरशी येते, म्हणून त्यांनीं केलें तें समजण्यासारखें आहे. पण झेरॉक्सच्या दिव्याखालीं तें प्लास्टिक असें चकाकलें कीं शिक्क्याच्या जागीं पांढरा ढग उमटला. तें आवरण सोलून काढण्याच्या भरीस न पडतां नोंदणी कार्यालयांतून प्रमाणपत्राची दुसरी प्रत घेतली, हें बरें केलें. अमेरिकेच्या अनेक नागरिकत्व-प्रमाणपत्रांवर, त्याची अधिकाराविना नक्कल करणें गुन्हा आहे, अशी धमकी छापलेली असते. ती वाचून जांवई घाबरले होते. परंतु कायदेशीर अर्जास जोडण्यासाठीं प्रत काढण्यास हरकत नसते, हें त्याच खात्याच्या सूचनांवरून कळून आलें.

तारखांची गंमत वेगळीच. आपण ५/१२ लिहितों तें डिसेंबरची पांच तारीख म्हणून. अमेरिकन मनुष्य तेंच मे महिन्याची बारा तारीख म्हणून वाचतो, कारण तिकडे महिना आधीं. मेच्या बाराव्या तारखेस आमच्या घरीं मांडव नव्हता, आंब्याच्या अढी होत्या! म्हणून महिन्याचें नांव अक्षरांत लिहावें, हा नियम आम्हीं पहिल्याच दिवशीं घालून दिला व त्याबद्दल घरांत शाबासकी मिळविली. ती शाबासकीच आम्हांस नडली म्हणावयाची.

प्रमाणपत्रांतील मजकूर ग्रामसेवकांनीं मराठींत भरलेला होता. म्हणजे त्याचें इंग्रजी भाषांतर जोडणें आलें. भाषांतर सरकारी अनुवादकानेंच केलें पाहिजे अशी अट नाहीं. दोन्ही भाषा जाणणाऱ्यानें तें करावें आणि हें भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि तें करण्याची मला पात्रता आहे, असें लिहून खालीं सही करावी. पात्रता! मॅट्रिकला संस्कृतांत मिळविलेले गुण आम्ही अजून विसरलेलों नाहीं. आम्ही चष्मा पुसून बसलों.

आमच्या पुतणीचें नांव येथें देत नाहीं. 'कृष्णा' या शब्दांत आहे तसा त्यांत ऋकार आहे, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. महाराष्ट्रांत आपण ऋकार 'रु'सारखा उच्चारतों, म्हणून तिच्या पारपत्रावर रोमन लिपींत आर आणि यू अशीं अक्षरें आहेत. उत्तरेकडे तोच 'रि' उच्चारतात आणि इंग्रजी पुस्तकांतून संस्कृत नांवें बहुधा आर आणि आय अशींच लिहिलेलीं आढळतात. आमच्या मतें पारपत्रावरचें रूप ग्राम्य होतें. मूळ मराठी नांव तर ऋकारानें शुद्ध लिहिलेलें. तेव्हां शुद्धाचें भाषांतर शुद्धच असावें, असा विचार करून आम्हीं भाषांतरांत आर आणि आय घातले, आणि खालीं 'पूर्ण व अचूक' म्हणून सही ठोकली. पारपत्राची प्रत त्याच पुडक्यांत होती. दोन्ही कागद शेजारीं ठेवून पाहण्याचें आम्हांस सुचलें नाहीं. सुचलें असतें तरी पारपत्रच चुकलें असें आम्ही म्हणालों असतों.

त्यांतच दुसरी भानगड. लग्नांत वरमाईनें हौसेनें सुनेचें नवें नांव ठेविलें होतें. ताटांतल्या तांदळांत जांवयांनीं सोन्याच्या अंगठीनें तें लिहिलें, पेढे वांटले, सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. पारपत्र, बँक, शाळेचा दाखला सर्वत्र माहेरचें नांव. पण सासरीं पाठविलेल्या भेटींच्या पावत्यांवर आणि लग्नाच्या छायाचित्रांच्या पाठीवर वहिनींच्या अक्षरांत नवें नांव. पुरावा म्हणून हें सर्व आम्हीं मोठ्या भक्तिभावानें जोडलें. लग्नपत्रिकेंत 'चि. सौ. कां.' होतें, त्याचेंही भाषांतर करण्यांत आमचा एक दिवस गेला.

२०२३ च्या अधिक श्रावणांत जांवयांस वाण द्यावयाचें म्हणून वहिनींनीं अनारसे केले होते. अर्ज मंजूर झाला, मुलगी निघाली, असें कांहीं तरी त्या सुमारास ऐकावयास मिळेल अशी सर्वांची आशा. त्याऐवजीं खात्याची पुरावा-मागणी आली. विवाहाच्या भाषांतरांतील स्त्री, पारपत्रांतील स्त्री आणि छायाचित्रांच्या पाठीवरची स्त्री, या तिघी एकच आहेत हें दाखवा. उत्तराला मुदत जास्तींत जास्त बारा आठवडे, आणि जें द्यावयाचें तें सर्व एकाच वेळीं.

मुलगी तें पत्र वाचून आमच्यापुढें येऊन उभी राहिली. रागावली नाहीं, ती रागावली असती तर बरें झालें असतें. "काका," ती म्हणाली, "तुम्ही माझें नांव दुरुस्त केलेंत?" आम्हीं ऋकाराची उपपत्ति सांगावयास आरंभ केला. तिनें ती पुरी ऐकून घेतली आणि शेवटीं एवढेंच म्हणाली, "पण मी तर तीच आहें ना, जी पारपत्रावर आहे?" त्या रात्रीं आम्हीं जेवण केलें नाहीं. गांवांत बायका विचारीत होत्याच, जांवई नेत कां नाहींत म्हणून. त्या विचारण्यामागें काय असतें हें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. दोन मंगळागौरी तिनें माहेरींच पुजल्या होत्या. आतां त्यांत आणखी किती महिन्यांची भर पडेल, आणि ती भर आमच्या पांडित्यामुळें पडत होती.

या प्रसंगीं आम्हांस कल्याणच्या यमुनेची आठवण झाली. १८६५ सालीं जन्मलेल्या या मुलीचें लग्न १८७४ मध्यें गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें आणि ती आनंदी झाली. १८८३ त ती कलकत्त्याहून बोटीनें अमेरिकेस गेली आणि १८८६ त फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिनें मिळविली. मागाहून गोपाळरावही तिकडे गेले. यमुना ती आनंदीच कशावरून, हें तिला कोणीं विचारलें नाहीं, कारण त्या काळीं अमेरिकेच्या बंदरांत उतरण्यास आजच्यासारखें पारपत्र वा व्हिसा लागत नसे. पुढें १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानांतील लोकांस तेथें स्थायिक होण्यासाठीं जाणें बंद झालें. १९४६ त दार किंचित् उघडलें, तें वर्षाकांठीं अवघ्या शंभर माणसांपुरतें. आणि १९६५ च्या कायद्यानंतर तें खऱ्या अर्थानें उघडलें. आज नागरिकाच्या पत्नीस संख्येची मर्यादा नाहीं; तिला रांगेंत उभें राहावें लागतें तें केवळ कागद तपासून होईपर्यंत. म्हणजे आतां दाराशीं पहारा कागदाचा आहे. पूर्वींच्या पहाऱ्यापेक्षां तो न्याय्य आहे, असें आमचें मत आहे; वंश पाहून हांकलून देणाऱ्यापेक्षां अक्षर पाहून अडविणारा बरा, कारण अक्षर सुधारतां येतें.

आम्ही स्वतः या पहाऱ्यास नांवें ठेवण्याच्या योग्यतेचे नाहीं, हेंही सांगून टाकतों. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून मुलें शाळेंत येत, त्यांतील अनेकांच्या आईबापांस मुलाची जन्मतारीख सांगतां येत नसे. भात कापणीच्या सुमारास झाला, मोठा पूर आला त्या सालीं झाला, असें सांगत. रजिस्टरांत तर तारखेचा रकाना असे. मग मुलाकडे पाहून वय ठरवावयाचें आणि तारीख लिहावयाची १ जून, म्हणजे जूनमध्यें शाळेंत घालण्यास सहा वर्षें बरोबर भरत. अशीं किती मुलें आमच्या लेखणीनें १ जूनला जन्मलीं याची गणति नाहीं. महाराष्ट्रांतील बहुतेक जुन्या शिक्षकांची हीच कथा आहे. त्या एका फटक्यासरशीं लिहिलेल्या तारखेवरून पुढें त्यांच्या नोकऱ्या आणि निवृत्त्या ठरल्या. अस्सल कागद कसा तयार होतो हें ज्यानें आंतून पाहिलें आहे, त्याला नकलेविषयीं थोडी बेपर्वाई येते. आम्हांस ती आली होती.

पुरावा-मागणीचें उत्तर मुलीनें स्वतः तयार केलें. भाषांतर गांवच्या एका शिक्षिकेकडून नव्यानें करून घेतलें. त्यांत नांवाचें रोमन रूप पारपत्रांतील अक्षरांप्रमाणें ठेविलें. आईबापांचीं प्रतिज्ञापत्रें जोडलीं, माहेरचें व सासरचें दोन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं म्हणून. आम्हीं आमच्या चुकीची कबुली स्वतंत्र पत्रानें दिली. तें पत्र लिहावयास आम्हांस तीन दिवस लागले व तें अर्ध्या पानाचें होतें. आणि एक छायाचित्र मुलीनें हुडकून काढलें, तें आम्हांस कधीं सुचलें नसतें. तांदळांच्या ताटांत अंगठी फिरते आहे, नवें नांव अर्धें उमटलें आहे, शेजारीं नवरीचें तोंड स्पष्ट दिसत आहे. त्याखालीं तिनें दोन ओळींत ही चाल काय आहे तें लिहिलें. नवें नांव पुढें कायमचें कागदोपत्रीं घ्यावयाचें असेल त्यानें राजपत्रांत प्रसिद्धि करून, मग पारपत्रापासून क्रमानें सर्वत्र बदल करावा. तें तिनें केलें नाहीं व करण्याचा तिचा विचारही नाहीं. वरमाईंनीं याला हरकत घेतली नाहीं, हा त्यांचा मोठेपणा.

अर्ज मंजूर झाला. पुढचा टप्पा अमेरिकेच्या व्हिसा केंद्राचा. तेथें पत्नीचा जन्मदाखला लागतो, पोलिसांचा दाखला लागतो, पतीनें तिच्या पोषणाची हमी द्यावी लागते, आणि सर्व कागदांच्या प्रती संगणकावर चढवाव्या लागतात. जन्मदाखला पाहतांच आमचा हात पुन्हां शिवशिवला. त्यावर 'मु. वांगणी, ता. जव्हार, जि. ठाणे' असें आहे. मुलीचा जन्म झाला तेव्हां आम्ही ठाणे जिल्ह्यांतच होतों. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाला आणि आमचा तालुका त्यांत गेला. आमच्या तीर्थरूपांच्या जुन्या कागदांवर तर 'संस्थान जव्हार' असें आहे, कारण १९४८ त विलीनीकरण होईपर्यंत येथें मुकणे घराण्याचें राज्य होतें. घर तेंच, विहीर तीच, परसांतला फणस तोच. मुलूख मात्र बदलत गेला. त्यांत आणखी, बदलापूरच्या पुढें कर्जतच्या रेल्वेवर दुसरी एक वांगणी आहे, ती ठाणे जिल्ह्यांतच आहे. तेव्हां घोटाळा टाळण्यासाठीं आपण 'पालघर' लिहावें, असें आम्ही बोलून गेलों.

मुलीनें कांहीं न बोलतां आमच्या हातांतील लेखणी काढून घेतली. भाषांतरांत 'ठाणे' असेंच राहिलें, 'तालुका जव्हार' हे शब्द कोठेंही गाळले नाहींत, आणि जिल्हा कधीं व कसा बदलला याचा खुलासा वेगळ्या कागदावर दिला. वाचक-भगिनींनीं याच प्रकारें करावें. नक्कल करतांना अस्सलांत असेल तें, चूक असली तरी चुकीसकट, उतरावें. खुलासा करावयाचा तो बाहेर करावा. आणि दुरुस्तीच करावयाची असेल तर जेथें मूळ नोंद आहे तेथें जाऊन करून घ्यावी. जन्माच्या नोंदींतील चूक दुरुस्त करण्याची सोय १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्यांतच आहे. ती निबंधकाकडे पुराव्यानिशीं मागावी व मग नवा दाखला घ्यावा. तो हातीं आल्यावरच प्रती काढाव्या. जुन्या पोथ्या उतरणारे लेखक शेवटीं लिहीत असत कीं जसें पाहिलें तसें लिहिलें, शुद्धाशुद्धाचा दोष आम्हांकडे नाहीं. विद्यार्थिदशेंत त्यांच्या या वाक्यास आम्ही हंसत असूं. आळशाची पळवाट वाटे.

मुंबईस वांद्रे-कुर्ला संकुलांत अमेरिकेची वकिलात आहे. तेथें मुलाखतीच्या दिवशीं मात्र अस्सल कागद दाखवावे लागतात. आदल्या रात्रीं ठाण्यास नातेवाइकांकडे मुक्काम केला. पिशवी तिनें भरली, आम्हीं फक्त धरली. वैद्यकीय तपासणी आधींच झाली होती. मुलाखत दहा मिनिटांचीही झाली नसेल. अधिकारीण बाईनें प्रश्न विचारले ते जांवयांच्या कामाविषयीं, लग्नाला कोण कोण आलें होतें याविषयीं. आणि शेवटीं, पुढें ठेवलेल्या छायाचित्रांतील तांदळांचें ताट पाहून, हें काय लिहिलें आहे म्हणून. पोरीनें सांगितलें. ती बाई हंसली, असें पोर म्हणते.

२०२४ च्या मार्चमध्यें ती गेली. विवाहास दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वीं तिकडे पाऊल ठेवणाऱ्या पत्नीस दोनच वर्षांचें सशर्त कार्ड मिळतें, आणि त्याची मुदत संपतांना खऱ्या संसाराचा पुरावा पुन्हां जोडावा लागतो. हिला दोन वर्षें उलटून गेलीं होतीं, म्हणून एकदम दहा वर्षांचें मिळालें. आमच्या ऋकाराचा झालाच तर एवढा एक लाभ. तो जांवयांनीं फोनवर आवर्जून बोलून दाखविला. स्वभावानें ते फार सज्जन आहेत.

निघण्यापूर्वीं तिनें सर्व कागदांचा एक पूर्ण संच घरीं ठेविला, प्रत्येकाची पाठपोट प्रत आणि वर क्रमवार यादी. जन्मदाखल्याची दुसरी अस्सल प्रतही त्यांतच आहे. तो संच मात्र तिनें आमच्या कपाटांत ठेविला नाहीं. वहिनींच्या ट्रंकेंत, शालूच्या घडीखालीं ठेविला आहे, आणि ट्रंकेची किल्ली वहिनींच्या कमरेला असते.